इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचे दोष शोधण्यासाठी घेतलेला स्कॅनर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या नऊ वर्षे जुन्या छोट्या गाडीचे स्टिअरिंग गाडी मागे घेऊन जागेवर लावताना अधूनमधून एकदम जड होऊ लागले. डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या चित्राचा पिवळा दिवा लागायचा, आणि किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की दिवा विझून सारे पूर्ववत व्हायचे. असा कधी असणारा, कधी नसणारा दोष दुरुस्तीला नेल्यावर हमखास गायब होतो, आणि झालेही तसेच. ज्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली तिथे यंत्र जोडून गाडीने नोंदवलेल्या दोषाचा एक कोड वाचण्यात आला, तो लगेच पुसण्यात आला, आणि मोटर व कंट्रोल युनिटसह (म्हणजे मोटर चालवणाऱ्या छोट्या संगणकासह) सबंध स्टिअरिंग कॉलम, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकाखालचा दांडा, बदलावा लागेल असे सांगण्यात आले. कोड कोणता होता असे विचारले तेव्हा ‘स्टिअरिंगचाच’ एवढे उत्तर मिळाले. त्या उत्तरावर कॉलम बदलण्याइतका विश्वास न बसल्यामुळे मी हा स्कॅनर विकत घेतला.

हा स्कॅनर हातात धरून वापरायचा, स्वतंत्र पडदा असलेला आणि इंजिनाबरोबरच एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग, स्टिअरिंग, बॉडी अशा सर्व कंट्रोल युनिटांशी बोलणारा आहे. शिवाय काही युनिटांना आज्ञा देण्याची, म्हणजे चाचणी चालवण्याची आणि कॅलिब्रेशन करण्याची सोयही त्यात आहे. याच जातीची अनेक उपकरणे वेगवेगळ्या नावांनी विकली जातात आणि त्यांचे गुणदोष बरेचसे सारखे असतात, म्हणून उत्पादकाचे नाव न देता या प्रकाराविषयीच लिहीत आहे.

त्याआधी माझ्याकडे फोनला ब्लूटूथने जोडायचा एक छोटा ॲडॉप्टर होता. गाडीत पिवळा दिवा लागलेला असतानाही तो ‘एकही दोष नाही’ असे सांगत राहिला. तो खोटे बोलत नव्हता. ओबीडी-२ हे गाडीतल्या सॉकेटमधून दोष वाचण्याचे मानक अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना सक्तीचे झाले ते धुरातील प्रदूषणावर नजर ठेवण्यासाठी, त्यामुळे त्याचा सर्वांसाठी खुला असलेला भाग प्रामुख्याने इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यापुरता आहे. स्टिअरिंगच्या युनिटाशी बोलायचे तर त्या त्या उत्पादकाची स्वतःची भाषा यावी लागते, आणि साध्या ॲपला ती येत नाही. ‘सर्व गाड्यांना चालतो’ हे वाक्य अशा ॲडॉप्टरच्या खोक्यावर छापलेले असते. सॉकेटमध्ये बसतो एवढ्याच अर्थाने ते खरे आहे.

या स्कॅनरने पहिल्याच प्रयत्नात स्टिअरिंगचे युनिट ओळखले आणि एक कोड दाखवला : मोटरला मिळणारा वीजपुरवठा कमी, स्थिती ‘मागे नोंदलेला’. कोड ‘सी’ या अक्षराने सुरू होणारा होता. पी म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स, सी म्हणजे चॅसी (ब्रेक, स्टिअरिंग वगैरे), बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे युनिटांमधील संपर्क, ही वाटणी सर्वत्र सारखी असते. मात्र अक्षरापुढचा पहिला अंक १ असेल तर पुढचा अर्थ उत्पादकाने स्वतः ठरवलेला असतो आणि इंटरनेटवर सापडणारी कोणतीही यादी त्याला लागू पडेलच असे नाही. स्कॅनरच्या यादीत या गाडीसाठीचा अर्थ बरोबर होता, हे मी नंतर दुरुस्ती-पुस्तिकेशी ताडून पाहिले.

कोडपेक्षा मोलाची ठरली ती त्याच्यासोबत साठवलेली फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणाची आकडेवारी. गाडीचा वेग शून्य, इंजिन आयडलिंगवर (ॲक्सिलरेटर न दाबता मंद चालू), मोटरचा प्रवाह ४३ अँपिअर आणि युनिटापाशी व्होल्टेज ८.७. वर्कशॉपमध्ये पुसली गेली होती ती नेमकी हीच माहिती. तिथून गाडी आणल्यानंतर दोष आणखी एकदा उमटला म्हणून ती मला पुन्हा मिळाली. या आकड्यांत मोटर बिघडल्याची खूण कुठेच नव्हती. जी मोटर ४३ अँपिअर घेते आहे ती काम करते आहे. तिच्यापर्यंत वीज पुरेशी पोहोचत नाही, असे ते आकडे सांगत होते.

इथे या यंत्रणेचे स्वरूप थोडक्यात सांगायला हवे. जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप तेलाचा दाब तयार करतो. इलेक्ट्रिक प्रकारात तेल नसते. कॉलमवर किंवा खाली चाके वळवणाऱ्या रॅकवर बसवलेली मोटर मदत करते. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक पीळ घेणारा दांडा असतो, हात जितका जोर लावेल तितका तो किंचित पिळतो, टॉर्क सेन्सर तो पीळ मोजतो, आणि युनिट गाडीचा वेग लक्षात घेऊन मोटरला किती प्रवाह द्यायचा ते ठरवते. १९८८ मध्ये जपानमध्ये सुझुकी सर्वो या लहानशा गाडीत ही कल्पना पहिल्यांदा विक्रीस आली, तेव्हापासून मूळ मांडणी हीच आहे. उभ्या गाडीची चाके वळवताना मोटर सर्वाधिक प्रवाह ओढते आणि नेमके त्याच वेळी इंजिन आयडलिंगवर असल्यामुळे अल्टरनेटरची क्षमता कमी असते. म्हणून वीजपुरवठ्यातला कोणताही कच्चा दुवा गाडी लावताना उघडा पडतो आणि रस्त्यावर धावताना लपून राहतो.

मग लाइव्ह डेटा, म्हणजे युनिटांकडून चालू क्षणी येणारे आकडे, उघडला. स्कॅनरला एकाच पडद्यावर दोन वेगवेगळ्या युनिटांचे आकडे दाखवता येतात, आणि माझ्या मते ही त्याची सर्वांत उपयोगी सोय आहे, जरी माहितीपत्रकात तिचा उल्लेख एका ओळीतच आहे. इंजिनाच्या युनिटाचे व्होल्टेज वर आणि स्टिअरिंगच्या युनिटाचे खाली अशी मांडणी करून मी बहिणीला स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवून तिथे क्षणभर दाबून धरायला सांगितले. वरचा आकडा १३.९ वर स्थिर राहिला आणि खालचा १३.६ वरून घसरत १०.३ वर आला. बॅटरी किंवा अल्टरनेटर कमकुवत असता तर दोन्ही आकडे एकत्र खाली आले असते. एकच खाली येतो याचा अर्थ व्होल्टेजची घट त्या युनिटाकडे जाणाऱ्या वाटेत आहे, आणि वाटा दोनच असतात : पॉझिटिव्हची आणि अर्थची, म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी.

यापुढे स्कॅनर बाजूला ठेवून मल्टिमीटर हातात घ्यावा लागला. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून युनिटाच्या जाड वायरच्या कनेक्टरपर्यंत, स्टिअरिंग दाबून धरलेले असताना, ०.३ व्होल्टची घट मिळाली. मधल्या मोठ्या फ्यूजसह एवढी घट चालण्यासारखी आहे. मीटरचे एक टोक युनिटाच्या अर्थच्या वायरवर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवले तेव्हा आकडा ३.३ आला. तिथे ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असता कामा नये. दोन्ही घटी मिळून ३.६, आणि १३.९ मधून तेवढे वजा केले की स्कॅनरवर दिसलेले १०.३ तंतोतंत मिळतात. हिशेब असा जुळला की मग अंदाजाला जागा उरत नाही.

अर्थची ती वायर डॅशबोर्डच्या खाली, पायापाशी, बॉडीला एका बोल्टने आवळलेली होती. बोल्ट घट्ट होता. तो काढल्यावर मात्र वायरच्या लगचा (टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीचा) निम्मा भाग काळवंडलेला, त्याखालचा रंग फुगलेला आणि पत्र्यावर तांबूस गंजाची गोल कडी दिसली. लगजवळचे वायरचे प्लास्टिक तपकिरी होऊन कडक झाले होते. ते होणारच होते, कारण ३.३ व्होल्ट गुणिले सुमारे ४० अँपिअर म्हणजे १३० वॉटच्या आसपास उष्णता त्या एका सांध्यात तयार होत होती, आणि घरगुती सोल्डरिंगची इस्त्री साधारण २५ वॉटची असते. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवी लग दाबून बसवली, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावले. त्याच चाचणीत घट ०.०६ व्होल्टवर आली. दोष त्यानंतर उमटलेला नाही आणि कॉलम मूळचाच आहे.

या प्रसंगातली एक गोष्ट स्कॅनरच्या परीक्षणाबाहेरची असली तरी नोंदवावीशी वाटते. ही अर्थ वर्कशॉपमध्येही तपासली गेली होती, पण जोड सलग आहे का एवढेच सांगणाऱ्या मीटरच्या बीप आवाजाने. त्या सांध्याचा रोध जेमतेम ०.०८ ओहम होता आणि साध्या मीटरच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. अशा ठिकाणी ओहममध्ये मोजणे निरुपयोगी ठरते आणि भार देऊन व्होल्टेजची घट मोजणे हाच मार्ग उरतो. स्कॅनर ते करू शकत नाही. तो फक्त कुठे मोजायचे ते सांगतो.

दुसरी गाडी एका नातलगाची होती. तिच्यात स्टिअरिंगचा आणि एबीएसचा असे दोन्ही दिवे एकाच वेळी लागत आणि शहरातल्या वेगाला स्टिअरिंग कधी जड, कधी नको तितके हलके वाटे. स्टिअरिंगच्या युनिटात गाडीच्या वेगाचा संकेत अवैध असल्याचा कोड होता. हा कोड स्टिअरिंगच्या यादीत दिसतो म्हणून स्टिअरिंग उघडले जाण्याचा धोका असतो. वास्तविक वेगाचा आकडा एबीएसच्या युनिटाकडून तारेवरून येतो आणि स्टिअरिंगचे युनिट निव्वळ ऐकणारे असते. चारही चाकांचे वेग एकाच आलेखात मांडून गाडी सावकाश चालवली तेव्हा तीन रेषा एकमेकींवर चालत होत्या आणि डाव्या पुढच्या चाकाची रेषा मधूनच शून्यावर पडत होती. चाकाजवळच्या सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिनांवर हिरवट थर जमला होता. या कामात स्कॅनरला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही. आलेखाशिवाय हे शोधायला दिवस गेला असता. यू ०१२१ असा कोड असता, म्हणजे एबीएसच्या युनिटाशी संपर्कच तुटला असता, तर दिशा निराळी झाली असती. मग बॅटरीची वायर काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये रोध मोजायचा. दोन टोकांचे १२० ओहमचे रोधक समांतर असल्यामुळे निरोगी कॅन जोडीवर, म्हणजे युनिटांना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन तारांवर, तो सुमारे ६० ओहम येतो, आणि १२० आला तर एक टोक तुटलेले असते. ज्या गाड्यांत सॉकेटच्या मागे गेटवे (सॉकेट आणि गाडीतल्या तारा यांच्यामधले युनिट) बसवलेला असतो तिथे या मोजणीने पलीकडच्या तारा कळत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

टॉर्क सेन्सरच्या तपासणीत मात्र स्कॅनरची मर्यादा जाणवली. पुष्कळ गाड्यांत हा सेन्सर दोन संकेत देतो; स्टिअरिंग मोकळे असताना दोन्ही सुमारे २.५ व्होल्टवर असतात आणि वळवल्यावर एक जितका वर जातो तितकाच दुसरा खाली येतो, म्हणजे बेरीज ५ च्या आसपास राहते. बेरीज मधूनच बिघडली तर सेन्सर किंवा त्याची वायर सदोष समजावी. कल्पना सोपी आहे, पण स्कॅनरवर वीस-बावीस आकडे एकत्र निवडले की प्रत्येक आकडा सेकंदाला जेमतेम एकदा ताजा होतो, आणि सेन्सरची क्षणिक उडी दोन नोंदींच्या मधून निसटून जाते. फक्त दोन किंवा तीन आकडे निवडल्यास वेग पुरेसा वाढतो. पुस्तिकेत याविषयी एक शब्दही नाही. ज्या नव्या गाड्यांत सेन्सर डिजिटल संकेत पाठवतो तिथे मल्टिमीटरने हे मोजता येत नाही, त्यामुळे अशा गाडीत स्कॅनरच्या आकड्यांवरच विसंबावे लागते.

कॅलिब्रेशनची सोय मी तीनदा वापरली. कॉलम किंवा युनिट बदलल्यानंतर, आणि कधी व्हील अलाइनमेंट केल्यानंतरही, टॉर्क सेन्सरचा शून्यबिंदू किंवा स्टिअरिंग अँगल सेन्सरचा मध्य युनिटाला नव्याने शिकवावा लागतो. तसे न केल्यास गाडी एका बाजूला ओढते किंवा सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग हाताला विरोध करते. स्कॅनर पडद्यावर ‘चाके सरळ ठेवा, हात लावू नका’ एवढेच सांगतो. पहिल्या वेळी मी त्याप्रमाणे केले, पण गाडी थोड्या उतारावर होती आणि चाके नुकतीच वळवून सरळ केल्यामुळे टायरमध्ये पीळ राहिला होता. युनिटाने तो पीळच शून्य म्हणून शिकून घेतला आणि गाडी आधीपेक्षा जास्त ओढू लागली. सपाट जागी, गाडी थोडी पुढे-मागे सरकवून, स्टिअरिंगला आणि गाडीलाही कुणाचा स्पर्श न होता दुसऱ्यांदा केले तेव्हा बरोबर झाले. एका तिसऱ्या गाडीत हा पर्याय मेनूमध्ये दिसत होता, पण निवडल्यावर ‘संपर्क अयशस्वी’ एवढाच संदेश येत राहिला. गाड्यांच्या यादीत नाव असणे आणि प्रत्यक्ष काम होणे यांत असे अंतर आहे. ज्यांना मुख्यतः कॅलिब्रेशनसाठी उपकरण घ्यायचे आहे त्यांनी आपल्याच मॉडेलवर आणि आपल्याच वर्षाच्या गाडीवर ते आधी करून दाखवायला सांगावे.

तक्रारी आणखीही आहेत. सर्वांत मोठी तक्रार आरेखनाची आहे : कोड वाचून होताच पडद्यावर सर्वांत ठळक दिसणारे बटण ‘सर्व कोड पुसा’ हे आहे, तर फ्रीझ फ्रेमसाठी कोडच्या शेजारच्या एका बारीक चिन्हावर बोट ठेवावे लागते. ज्याला घाई आहे तो पुरावा नष्ट करूनच तपासाला सुरुवात करणार, आणि माझ्या गाडीच्या बाबतीत तेच घडले होते. अहवाल साठवण्याची सोय आहे, पण ती आपणहून चालत नाही. ती सेटिंगमध्ये जाऊन पहिल्या दिवशीच चालू करावी. दुसरे असे की सर्व युनिटे तपासायला तीन-चार मिनिटे लागतात आणि त्यानंतर किल्ली चालू ठेवून अर्धा तास आकडे पाहत बसले की बॅटरी उतरते. माझ्याकडून एकदा अशाने कमी व्होल्टेजचे नवे कोड पाच युनिटांत उमटले आणि मी काही वेळ भलत्याच मागावर गेले. बॅटरी पूर्ण भरलेली, म्हणजे स्थिर असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असावी आणि लांब तपासणी करताना तिला चार्जर लावून ठेवावा. केबल आखूड आहे, ड्रायव्हरच्या जागेवर बसूनच पडदा नीट दिसतो. स्टिअरिंग फिरवायला दुसरे माणूस लागते ते काही अंशी यामुळेही.

कोड नसतानाही स्टिअरिंग जड होते अशा गाडीत या उपकरणाचा उपयोग वेगळ्या प्रकारे होतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग वारंवार या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले तर मोटर व युनिट तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी युनिट प्रवाह हळूहळू कमी करते. लाइव्ह डेटात तापमान चढताना आणि प्रवाहाची मर्यादा उतरताना स्पष्ट दिसते. थोडा वेळ विसावल्यावर सारे पूर्ववत होते, आणि हा दोष नव्हे. तापमान सामान्य आहे, मोटर भरपूर प्रवाह घेते आहे आणि तरीही हाताला जड लागते, असे दिसले तर अडथळा यांत्रिक समजावा : टायरमध्ये हवा कमी, दांड्याचा युनिव्हर्सल जॉइंट गंजून धरलेला, किंवा रॅक घट्ट. पुढची चाके जॅकवर उचलून, किल्ली बंद ठेवून, स्टिअरिंग हाताने फिरवले की ते कळते, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. मोटरच्या कपलिंगमधला रबरी तुकडा झिजल्यामुळे येणारा ‘टक’ आवाजही स्कॅनरला कधी ऐकू येणार नाही.

डॅशबोर्डखाली हात घालणाऱ्यांनी एवढी काळजी मात्र घ्यावी की कॉलमचे कनेक्टर किल्ली चालू असताना ओढू नयेत, आणि स्टिअरिंगच्या मध्यभागी एअरबॅग असल्यामुळे तिथले काही उघडण्यापूर्वी बॅटरीची वायर काढून काही मिनिटे थांबावे. बॅटरी पुन्हा जोडल्यावर काही गाड्यांत स्टिअरिंगचा दिवा लागलेला राहतो आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून थोडे अंतर गाडी चालवली की विझतो. तेवढ्यावरून आपण काही बिघडवले असे समजू नये.

ज्यांच्या घरात एकच गाडी आहे आणि जिचा दिवा वर्षातून एकदाही लागत नाही, त्यांनी हा स्कॅनर घेण्याची गरज नाही. गॅरेजमध्ये कोड, त्याची स्थिती आणि फ्रीझ फ्रेम यांचा फोटो पुसण्याआधी मागून घेतला तरी त्यांचे काम भागेल. ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे आणि भार देऊन व्होल्टेजची घट मोजण्याचा ज्यांना कंटाळा नाही, त्यांना तो घ्या असे मी सांगेन. माझ्या संचाचे मोफत अपडेट आणखी चार महिने मिळणार आहेत. त्यानंतर पैसे भरले नाहीत तरी आधी उतरवून घेतलेल्या गाड्यांचे काम चालू राहते असे विक्रेत्याने लेखी कळवले आहे, आणि अपडेट न करता जुन्याच आवृत्तीवर ठेवलेल्या माझ्या गाडीच्या बाबतीत आजवर तरी काही अडलेले नाही.